पाटावरची बंदूक

हणमंतराव मुधोळकरांनी उभ्या जन्मात बंदुकीचा एकही बार काढलेला नाही, हे कॉलनीत शेंबड्या पोरालाही माहीत होतं. एकट्या हणमंतरावांना तेवढं माहीत नसावं. कारण रायफलीबद्दल ते अशा थाटात बोलत, की जणू कालच सियाचीनहून दोन घास खायला म्हणून घरी आलेत आणि हात धुतले की परत निघणार.

जागा ठरलेली. आदिलाबाद संपून मावला लागतो तिथल्या कॉलनीत पाण्याच्या टाकीखालचा सिमेंटचा ओटा. वेळ ठरलेली, संध्याकाळी साडेपाच. आणि श्रोताही ठरलेला, चंपतराव. हे बस डेपोतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. तीस वर्षं भोंग्यावर बोंबलून बोंबलून आता फार कमी बोलतात, पण जे बोलतात ते टाचणीसारखं.

"इन्सास म्हंजे काय रायफल हाये का?" हणमंतराव सुरू करत. "पाच-छप्पनची गोळी. चिमणीला लागली तर चिमणी मागं वळून पाह्यते, कोन हाये म्हनून. आता ते दिवस गेले. सात-बासष्ट आली. अमेरिकेची आली, एके दोनशे तीन आली. अमेठीत बनून राह्यली. सहा लाख."

"मोजून आले काय?" चंपतराव विचारत.

"तुमाले मस्करी सुचते. वीस वर्षं, चंपतराव, वीस वर्षं या देशाच्या जवानाले धड रायफल भेटली नाई. कागद इकडून तिकडं. टेंडर काढलं, रद्द केलं. पुन्हा काढलं, पुन्हा रद्द केलं. अन् इथं काय चालू हाये? बायकाईले फुकट बस."

"ते सरकार हैद्राबादचं, हणमंतराव. रायफल दिल्लीची."

"सरकार म्हंजे सरकार."

आता रायफलीचा कागद वीस वर्षं कुठं अडकतो, हे हणमंतरावांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. चौतीस वर्षं ते रजिस्ट्री कचेरीत होते. 'उद्या या' हे दोन शब्द त्यांच्याइतके गोड आवाजात अख्ख्या जिल्ह्यात कुणी उच्चारले नसतील. लोक शेताचा दस्त करायला तरुणपणी जात आणि सूनबाईला घेऊन परत येत. पण स्वतःच्या हातचा उशीर माणसाला कधी उशीर वाटतो का? तो नियम असतो. उशीर दुसरे करतात.

सैन्याचं हे प्रेम तसं जुनं. सत्त्याहत्तर साली नांदेडला भरती निघाली, तेव्हा हणमंतराव गेले होते. श्वास भरून छाती फुगवायची असते, तिथं ते दोन इंच कमी पडले. ते दोन इंच पुढं त्यांनी ओट्यावर बसून भरून काढले. प्रत्येक घरातला एक मुलगा सक्तीनं फौजेत पाठवावा, हे त्यांचं ठाम मत. त्यांचा स्वतःचा भार्गव हैद्राबादला कॉम्प्युटरपुढं बसतो आणि त्याला लिंबू कापताना बोट कापलं तर ताप येतो. पण मत ते मत.

तर अशा या हणमंतरावांकडे एक खरी बंदूक होती.

दुनळी, बारा बोअरची, मधून मोडून उघडायची असते तशी. त्यांचे आजोबा राघवेंद्रराव मुधोळकडच्या एका खेड्याचे पोलीस पाटील. अठ्ठेचाळीसला, पोलीस अ‍ॅक्शनच्या साली, गावावर लुटारूंची टोळी चालून आली, आजोबांनी वेशीत उभं राहून धडाधड दोन बार काढले, आणि टोळी तोंड फिरवून पळाली, अशी ती गोष्ट. टोळीत माणसं किती होती हे दरसाल बदलायचं. चंपतरावांनी पहिल्यांदा ऐकली तेव्हा बारा होती. गेल्या दसऱ्याला ती साठावर गेली आणि त्यांच्यात एक घोडाही आला.

बंदुकीचा परवाना होता पिकाच्या रक्षणासाठी. शेत विकून जमाना झाला. राहिलेलं पीक म्हणजे गॅलरीतली तुळस आणि कुंडीतला कढीपत्ता, आणि त्यावर रानडुकरं काही येत नाहीत. तरी परवाना बापाकडून लेकाकडे आला आणि शिक्क्यावर शिक्के पडत राहिले.

बंदुकीला कामही एकच. दसऱ्याला पाटावर बसायचं. रांगोळी, चौरंगावर पाट, पाटावर लाल कापड, कापडावर बंदूक. हणमंतराव सोवळं नेसून मंत्र म्हणत, पद्मजाबाई वाट्या पुढं करत आणि बंदुकीला साग्रसंगीत पंचामृताचा अभिषेक होई. हळदकुंकू, अक्षता, नारळाचं पाणी. मग कॉलनी दर्शनाला येई. चपला बाहेर काढायच्या. पोरांनी बंदुकीला हात लावायचा नाही. मोठ्यांनीही नाही. दर्शनाला आलेल्यांबरोबरच्या फोटोसाठी हणमंतराव स्वतः ती छातीशी धरत, नळी समोरच्या माणसाकडे करून, आणि "हसा" म्हणत.

या साली तर त्यांनी कमरच कसली होती. शस्त्रपूजेनंतर त्यांचं भाषण होणार होतं, 'भारतीय जवानाची नवी रायफल आणि आपण'. टाकीच्या खांबाला फ्लेक्स लागला. त्यात उजवीकडे हणमंतराव बंदूक घेऊन, डावीकडे हिमालय, आणि मध्ये एक रायफल. ती कोणत्या देशाची होती हे फ्लेक्सवाल्यालाच माहीत. तीस खुर्च्या सांगून झाल्या. निर्मलहून मेहुणी-साडू येणार होते. एका पक्षाचे मंडळ अध्यक्षही येतो म्हणाले होते, आणि अध्यक्ष आले की 'आमच्या गल्लीतले शस्त्रतज्ज्ञ' म्हणून हणमंतरावांना कुठंतरी सल्लागार वगैरे नेमतील, असं त्यांच्या मनात घोळत होतं. पाटावर बंदूक असली की झालं. बंदुकीशिवाय हणमंतराव म्हणजे निवृत्त कारकून, आणि तसे कॉलनीत अकरा होते.

दसऱ्याच्या पाच दिवस आधी निवडणूक जाहीर झाली.

निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करायची असतात. मतमोजणी झाली की परत. ठाण्यातून फोन आला, "मुधोळकर सर, दोन दिवसांत वेपन आणून द्या."

"पाह्यलं?" हणमंतराव ओट्यावर कडाडले. "चोर मोकळे, गुंड मोकळे, अन् पाटलाची बंदूक कोठडीत. हे यांचं राज्य."

"दर टायमाला तर देता," चंपतराव म्हणाले.

"दर टायमाला दसरा नसते."

रात्री जागून त्यांनी अर्ज लिहिला. चार पानी. कलेक्टरांच्या कमिटीला सूट द्यायचा अधिकार आहे, तिकडे कर्नाटकात कोडगूच्या लोकांना परंपरेपोटी सवलत आहे, मग मुधोळच्या पाटलांनाच काऊन नाही, असा मुद्देसूद मजकूर. खाली सही आणि सहीखाली 'शस्त्र-अभ्यासक'. हा हुद्दा त्यांना कुणी दिला, ते विचारायचं नाही.

सकाळी चंपतरावांची स्कूटर काढली. बंदूक पद्मजाबाईंच्या जुन्या पैठणीत गुंडाळलेली. पुढं चंपतराव, मागं हणमंतराव आणि दोघांच्या मध्ये आडवी पैठणी. शिडी घेऊन निघालेले रंगारीच जणू. रस्त्यात तिघांनी विचारलं, काय नेऊन राह्यले. हणमंतरावांनी तिघांनाही सांगितलं, "इतिहास."

ठाण्याच्या दारात नागेश नावाचा जवान पहाऱ्याला होता. मुधोळकडचाच, विशीतला, गप्प पोरगा. त्याच्या हातात इन्सास. हणमंतरावांना ती दिसली आणि सुरसुरी आली.

"बाळा, हे अजून चालवून राह्यला? फौजेनं टाकली, ते तुमाले देली. सात-बासष्ट मागा, सात-बासष्ट."

"कोणती सात-बासष्ट, काका?"

"कोणती म्हंजे? सात-बासष्ट ते सात-बासष्ट. अमेरिकेची काय, एकेची काय."

"अमेरिकेच्या रायफलीचा राउंड लांब राह्यते, काका. एकेचा आखूड. एकीचा दुसरीत जातच नाई."

चंपतराव दुसरीकडे पाहत खोकले. हणमंतराव म्हणाले, "तांत्रिक गोष्ट हाये ते," आणि आत गेले.

आत लिखापढीच्या टेबलावर हेड कॉन्स्टेबल प्रतिभाताई होत्या. आधी त्या खुर्चीवर एक म्हातारे जमादार असायचे. ते पैठणीला लांबूनच नमस्कार करत आणि पावती फाडत. "पाटलांची पूजेतली हाये, तिले काय पाह्यचं," म्हणत. परवान्याचं नूतनीकरणही असंच, कापडावरून हात फिरवून व्हायचं. प्रतिभाताई तीन महिन्यांपूर्वी बदलून आलेल्या. त्यांनी अर्ज बाजूला ठेवला आणि पैठणी सोडली.

"ताई, चपला," हणमंतराव म्हणाले.

"ड्युटीवर बूट काढता येत नाईत, काका. उघडून दाखवा. मोकळी हाये म्हनून लिहावं लागते."

"मोकळीच हाये. आमच्या घरात लेकरंबाळं."

"दाखवा न मंग."

हणमंतरावांनी खटका दाबला. तो हलला नाही. दोन अंगठ्यांनी दाबला, नळी गुडघ्यावर टेकवून ओढली. कपाळावर घाम आला. बंदूक आपली शांत. चंपतरावांनी हात लावून पाहिला, नागेशला आत बोलावलं, त्यानंही ओढून पाहिलं आणि मग नळीच्या तोंडाशी नाक नेलं.

"मॅडम, वास येऊन राह्यला."

"दारूचा?"

"नाई. तुपाचा."

प्रतिभाताईंनी पेन खाली ठेवलं. "काका, शेवटची कधी उघडली होती?"

हणमंतराव आठवू लागले. वडिलांनी? वडील तर सायकलची ट्यूब फुटल्याच्या आवाजानं दचकत. आजोबांनी? आजोबा जाऊन पंचावन्न वर्षं झाली.

"मंग भरलेली समजावं लागते," प्रतिभाताई म्हणाल्या. "मोकळी दिसली नाई, तर भरलेलीच. नियम हाये."

झालं. टेबलाभोवतीची माणसं एकेक पाऊल मागं सरकली. चहावाला आला तसाच ट्रे घेऊन परत गेला. बंदूक टेबलावर एकटी, नळी भिंतीकडे. हणमंतरावांच्या डोळ्यापुढं फोटो येऊ लागले. मेहुणी, साडू, भार्गवची मुलगी अदिती सहा महिन्यांची असताना, पद्मजाबाई, चंपतराव दोनदा. सगळे नळीपुढं. "हसा."

"माझ्यासंगचा फोटो तर तुमी लय जवळून काढला होता," चंपतराव हळूच म्हणाले. "नळी छातीलेच लागून होती."

अर्जाचं काही विचारायची सोय राहिली नाही. प्रतिभाताईंनी लिहून दिलं, हत्यार संशयास्पद, आर्मररकडे तपासणीसाठी. आर्मरर म्हणजे पोलिसांच्या हत्यारांचा मिस्त्री. तो दसऱ्याच्या आदल्या दिवशी ठाण्यात येणारच होता, कारण दसऱ्याला ठाण्यातही शस्त्रांची पूजा असते आणि त्याआधी सगळी हत्यारं साफ होतात. आत काडतूस निघालं तर निष्काळजीपणाची नोटीस आणि परवान्यावर गदा. नाही निघालं तर पाहू.

घरी येऊन हणमंतराव झोपाळ्यावर बसले. पद्मजाबाई वाती वळत होत्या.

"आपन अभिषेकाचं दूध कुठं ओततो?"

"नळीत," पद्मजाबाई म्हणाल्या. "तुमीच म्हनले होते पहिल्या सालीच. गोमुखातून तीर्थ येते तसं हिच्यातून आलं पाह्यजे. मी तोंडातून घालते, दूध, दही, तूप, मध, साखर. मंग नारळाचं पानी."

"अन् ते बाहेर येते?"

"कुठं येते? एकेचाळीस सालात थेंब नाई आला. मी सांगलं बी होतं, अहो, आत जाऊन राह्यलं, बाहेर काई येत नाई. तुमी म्हनले, देवीनं प्राशन केलं."

हणमंतरावांनी झोपाळा थांबवला. ओट्यावर मात्र ते त्या दिवशी आले आणि जे फौजेच्या जुन्या रायफलीवर तुटून पडले, की विचारू नका. थंडीत अडकते म्हणे, मॅगझीनला तडे जातात म्हणे, जवानाचा जीव टांगणीला म्हणे. चंपतराव ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "बिचारीले तूप तर नव्हतं न पाजलं कोनी?"

आदल्या दिवशी आर्मरर आला. दौलत नाव, निवृत्तीला चार महिने राहिलेला, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यानं ठाण्यामागच्या अंगणात जाजम अंथरलं, बंदूक वाळूच्या पोत्यांत अडकवली, तेलात भिजवून सकाळपासून ठेवली होती ती पुसली आणि लाकडी हातोडी काढली. हणमंतराव पंधरा हात लांब, कडुनिंबाच्या आड. चंपतराव त्यांच्याही मागं.

ठक. ठक. ठक. मग एक 'कर्र' असा आवाज झाला, म्हातारीनं जांभई द्यावी तसा, आणि बंदूक उघडली.

दौलतनं आधी डावी नळी पाहिली. लांब सळई घातली आणि बाहेर जे आलं, ते त्यानं वर्तमानपत्रावर मांडलं. खवा. काळा-पिवळा, दाबून बसलेला, मध्ये अक्षता, एक सुपारी, मुंग्यांचं आख्खं गाव. "साहेब," तो म्हणाला, "पस्तीस साल झाले मला या कामात. बंदुकीत उंदराचं पिल्लू मेलेलं पाह्यलं, पालीची अंडी पाह्यली. नैवेद्य पैल्यांदा पाह्यला."

उजव्या नळीला वेळ लागला. तिथं काडतूस होतं. जुन्या पद्धतीचं, कागदी, दूध-पाणी पिऊन टम्म फुगून बसलेलं. त्यामुळंच बंदूक जाम झाली होती. दौलतनं चिमट्यानं तुकड्या-तुकड्यानं काढलं. छर्रे आत जसेच्या तसे. पितळेचं बूड त्यानं चिंधीनं घासलं आणि उन्हात धरलं.

"इथं खड्डा पाहा. घोडा पडला, पिन बसली. पण बार उडाला नाई. फुसका."

हणमंतराव झाडाआडून पुढं आले आणि वाकून तो खड्डा पाहिला.

"आजोबांनी दोन बार काढले होते," हणमंतराव म्हणाले. आवाज अजूनही कडुनिंबाच्या आडून आल्यासारखा.

"काढले असतील," दौलत म्हणाला. "डाव्या नळीत काडतूस नाई. तो उडाला असंल. नाईतर भरलाच नसंल. मला उजवीचंच सांगता येते."

"मंग ती टोळी?" चंपतरावांनी विचारलं. "साठ मानसं? घोडा?"

दौलतनं खांदे उडवले. टोळीचं काम आर्मररकडे नसतं.

नळ्या आतून गंजून चाळणी झाल्या होत्या. दौलतनं लिहिलं, वापरास अयोग्य. आणि आणखी एक झालं. उघडलेली बंदूक आता बंद होईना. हणमंतरावांनी परवाना स्वतः सोडल्याचं लिहून दिलं तर नोटिशीचं पाहून घेऊ, असं साहेबांनी वरून कळवलं. आयुष्यात पहिल्यांदा हणमंतरावांनी कुणाला 'उद्या या' न म्हणता जागच्या जागी कागद करून दिला.

उरला कार्यक्रम. फ्लेक्स टांगलेला, खुर्च्या सांगितलेल्या, साडू निर्मलहून निघालेला. मेहुणीसकट पद्मजाबाईंच्या सगळ्या बहिणी त्या फुकटच्या बसनंच येणार होत्या, हे वेगळं. दुसरा एखादा असता तर ताप आला म्हणून पांघरूण घेऊन झोपला असता. हणमंतरावांनी रात्री फ्लेक्सवर पांढरी पट्टी चिकटवून घेतली, 'स्थळ: पोलीस ठाणे'. वर जाहीर केलं, आजोबांची बंदूक देशाला अर्पण करत आहोत, तिची पूजा यंदा सरकारी शस्त्रांबरोबर होईल. कुटुंबकबिल्यासह चाळीसेक माणसं ठाण्याच्या अंगणात उभी राहिली. मंडळ अध्यक्ष तेवढे आले नाहीत. आचारसंहिता होती, ते म्हणे ठाण्याच्या आसपासही फिरकत नाहीत.

पांढऱ्या चादरीवर हत्यारांची ओळ होती. लखलखीत पुसलेली, एकेक दस्त्यावर कुंकवाचा एकेक ठिपका, शेवटी एक बंदूक वासलेल्या तोंडानं पडलेली. मेहुणी म्हणाली, "ही अशी काऊन?" पद्मजाबाई म्हणाल्या, "जेवली हाये जास्त."

प्रतिभाताईंनी मान म्हणून ताम्हण हणमंतरावांच्या हातात दिलं. त्यांनी मंत्र सुरू केला, ओळीच्या शेवटी आले, आणि सवयीनं डाव्या हातातली पंचामृताची वाटी नळीकडे गेली. दौलतनं मनगट धरलं. जोरात नाही, लेकराचा हात चुलीवरून काढतात तसा.

"साहेब, आता तरी."

चाळीस माणसं पाहत होती. साडूनं मोबाईल वर केला. हणमंतराव वाटी धरून उभे, कुठं ठेवावी कळेना. मग ते एक पाऊल सरकले. शेजारी नागेशची इन्सास होती. त्यांनी वाटी खाली ठेवली, अनामिकेनं कुंकू घेतलं आणि तिच्या दस्त्याला लावलं. हात जोडले.

"काका," नागेश बाजूनं म्हणाला, "मी रोज उघडतो इले."

भाषण झालं नाही. कुणी मागितलंही नाही. शमीची पानं वाटून, साखरफुटाणे खाऊन लोक घरोघरी गेले. फ्लेक्सवरचा हणमंतराव बंदूक धरून आणखी पंधरा दिवस हिमालयाशेजारी उभा होता. नंतर कुणीतरी तो काढून शेळीच्या झोपडीवर टाकला. बंदूक मात्र ठाण्याच्या मुद्देमालाच्या खोलीत आहे, अजूनही वासलेलीच.

दसऱ्यानंतर आठ दिवस ओटा रिकामा होता. नवव्या दिवशी साडेपाचला हणमंतराव आले, बसले, पेपर झटकला.

"एके दोनशे तीन," त्यांनी सुरू केलं. "काय चीज हाये, चंपतराव. वाळूत टाका, चिखलात टाका, पान्यात बुडवा. चालते म्हंजे चालते."

"अन् दूध?" चंपतरावांनी विचारलं.

हणमंतरावांनी पेपराची घडी घातली. टाकीतून पाणी टपकत होतं, त्याकडे थोडा वेळ पाहिलं.

"बाहेरून," ते म्हणाले.